रोमच्या बसमध्ये धरलेली जागा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, मी या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर नुसती वाचत असते. वाचते आणि मनातल्या मनात हसते, तेही सांगून टाकते, राग मानू नका. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवलं, त्यातली चौदा वर्षं हसनाबादला. तिथल्या शाळेत मागच्या बाजूला एक बंद खोली होती. तिच्यात म्हणे रात्री कुणीतरी फळ्यावर लिहितं... पोरं तर सोडाच, शिक्षकसुद्धा तिकडं फिरकायचे नाहीत. मी डबा घेऊन रोज त्याच खोलीत बसायचे. गारवा असायचा, शांतता असायची, आणि कुणी लोणचं मागायला यायचं नाही! चौदा वर्षांत त्या फळ्यावर कुणी साधी रेघ ओढली नाही. तर असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे का, हे माझं मलाच ठरवता येईना, म्हणून लिहायला बसले.

घडलं ते रोम शहरात, भर दुपारी, ऐन उन्हात. पण त्याआधी वडीगोद्रीचं सांगावं लागेल. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या पोरीलाही नाही.

आमचे हे पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. आम्ही जुन्या जालन्यात राहतो... म्हणजे आता मी एकटीच राहते. ह्यांचा स्वभाव एकदम मऊ. भाजीवाल्याशी कधी घासाघीस नाही, शेजाऱ्याशी कधी आवाज नाही. पण एसटी आली की ह्यांच्या अंगात यायचं! गाडी स्टँडात वळते न वळते तोच हे पळत सुटणार, खिडकीतून हात घालून सीटवर दस्ती टाकणार. दस्ती म्हणजे रुमाल, आमच्याकडं दस्तीच म्हणतात. ह्यांच्या खिशात कायम दोन दस्त्या. पांढरी तोंड पुसायला आणि निळ्या चौकडीची जागा धरायला. जागा माझी, बरं का. मला गाडी लागते, म्हणून खिडकीच पाहिजे. मी मागून पदर सावरत आरामात चढणार. ह्यांना स्वतःला शेजारी मिळाली तर मिळाली, नाहीतर उभे. छत्रपती संभाजीनगरपासून जालन्यापर्यंत कितीदा उभे आलेत, त्याला गणती नाही. मला गमतीनं "बाई" म्हणायचे. गावोगावची पोरं मला बाई म्हणतात, म्हणून हे पण.

तर वडीगोद्रीला चुलत दिराच्या मुलाचं लग्न होतं. जेवणं आटोपून परतीच्या गाडीला आलो तर ही गर्दी! हे पळाले, दस्ती टाकली, आणि चढून बघतात तर त्या जागेवर एक गृहस्थ दस्ती बाजूला सारून बसलेले. गृहस्थ कोण? तर माझे जुने हेडमास्तर. ज्यांच्यापुढं मी नऊ वर्षं मान वर करून बोलले नाही ते!

"सर, दस्ती दिसून न्हाई राह्यली का? बाईंची जागा हाये ही," ह्यांनी सरळ सांगितलं. चांगलं मोठ्यांदा सांगितलं. सर उठले. बिचारे पुढं जाऊन उभे राहिले. दारात उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उचला आधी ती दस्ती!" मी सगळ्या गाडीसमोर ओरडले. "लोकांना उठवायला लाज कशी वाटत न्हाई हो तुम्हाला? मला न्हाई बसायचं तिथं." आणि तरातरा मागच्या लांब सीटवर, वऱ्हाडातल्या बायांमध्ये दाटीवाटीनं जाऊन बसले.

गाडी निघाली. हे कडेला बसलेले, खिडकीची जागा रिकामी, तिच्यावर ती निळी दस्ती. मधल्या वाटेत माणसं खच्चून उभी. जो तो विचारायचा, "काका, रिकामी हाये का?" आणि मला मागं ऐकू यायचं, "न्हाई न्हाई, बाई येऊन राह्यल्या." अंबडला निम्मी गाडी उतरली. तेव्हा तरी जाता आलं असतं. गेले नाही. ह्यांनी दोनदा वळून बघितलं, मी दोन्ही वेळेला बाहेर बघितलं. जालन्यापर्यंत ती जागा तशीच रिकामी आली.

स्टँडवर उतरल्यावर ह्यांनी दस्तीच्या चार घड्या घातल्या, कडेवर नख फिरवलं, खिशात ठेवली. ही त्यांची सवयच. बोलले काहीच नाही. मीही नाही. घरी आलो, चहा झाला, दुसऱ्या दिवशी भाजी आणा, लाईटबिल भरा, असलं सगळं बोलणं झालं. पण त्या जागेबद्दल एक अक्षर नाही. मी म्हणायचे, आज बोलू, उद्या बोलू... अकराव्या दिवशी सकाळी दात घासता घासता हे न्हाणीच्या पायरीवर बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

लोक म्हणतात, नशीबवान, कुणाला त्रास न देता गेले. असेल. पण मला रोज एकच प्रश्न पडतो. सकाळी पडतो, दुपारी ताट वाढून घेताना पडतो, संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना पडतो. रुसून गेले का हो ते माझ्यावर? मनात धरून गेले का? भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. हे न बोललेलं होतं, आणि ते तसंच राहून गेलं.

ती दस्ती ह्यांच्या शर्टाच्या खिशात सापडली. एका कोपऱ्यावर लग्नातल्या वरणाचा पिवळा डाग. मी ती धुतली नाही. पर्समध्ये ठेवते.

आता रोम. माझी मुलगी मेघा जालन्यातच एका बियाण्याच्या कंपनीत आहे, प्रयोगशाळेत. मागच्या वर्षी उन्हाळ्यात कंपनीनं तिला आठ दिवसांच्या ट्रेनिंगसाठी रोमला पाठवलं, तर ही माझ्या मागं लागली. "आई, तू पण चल. घरात बसून भिंतींशी बोलायला लागलीस तू." खोटं नव्हतं ते. गेले मग.

पहिले तीन दिवस हॉटेलच्या खोलीत काढले. मेघा सकाळी आठला जायची ती सहाला यायची. समोर पिवळी भिंत, तिच्यात बंद खिडक्या, वर कबुतरं. जालन्यात निदान फोन वाजतो, दारावर कुणी तरी येतं. इथं खोली आवरायला येणारी बाई हसायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी मी तिला बळंबळं बसवून घरून नेलेला चिवडा दिला. ती खाईपर्यंत तरी थांबेल म्हणून. तिनं तो कागदात बांधून घेतला, छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि गेली. एवढी माणसं त्या शहरात, पण माझ्याशी बोलणारं कुणी नाही... मला ह्यांची फार आठवण आली.

मेघाच्या लक्षात आलं असणार. चौथ्या दिवशी तिनं मला शहर दाखवणाऱ्या बसचं तिकीट काढून दिलं. दुमजली बस, वरून उघडी. मोठ्या स्टेशनपासून निघते, सगळी प्रसिद्ध ठिकाणं फिरून पुन्हा स्टेशनला येते.

"हे बघ, तिकीट दिवसभराचं आहे," ती म्हणाली. "वाटेल तिथं उतर, आरामात बघ, परत चढ. एक गेली की मागून दुसरी येते."

"कळलं. मी काय पहिलीतली हाय का?"

"आणि प्रत्येक गाडीत चढायच्या आधी गाडीच्या नंबरचा फोटो टाक मला. हरवलीस तर कुठं शोधत फिरू मी?"

हा फोटोचा मुद्दा ध्यानात ठेवा. बसच्या कपाळावर मोठा आकडा रंगवलेला असतो. पहिल्या गाडीचा सत्तावीस. तीनचा घन, माझ्या डोक्यात लगेच आलं. फोटो काढला, पाठवला, वर जाऊन तिसऱ्या ओळीत डाव्या कठड्याकडची जागा पकडली.

वर सगळे जोडीजोडीनं. कुणी आईस्क्रीम एकमेकांना चाटवतंय, कुणी टोपी सरळ करून देतंय. साठी उलटलेली माणसंसुद्धा हातात हात घेऊन. माझ्या शेजारी माझी पर्स. कानात घालायला बसवाल्यांनी वायर दिली होती, तिच्यात बटण फिरवलं की वेगवेगळ्या भाषा. मराठी कुठून असणार! इंग्रजी लावलं. एका चर्चचा घुमट एवढा मोठा दिसला की माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, बघा तरी!" पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. मी वायर नीट करायचं नाटक केलं.

मग ते कलोसियम आलं. गाडी थांबली. सगळे धडाधड उतरले, आणि कठड्यावरून खाली बघते तर ड्रायव्हरही उतरून सिगारेट पेटवत होता. आता तुम्हीच सांगा... आपल्याकडं ड्रायव्हर खाली उतरला म्हणजे काय? चहा! दहा मिनिटं तर कुठं गेली नाहीत. मेघानं बराबर समजावून सांगितलं होतं, चूक बिलकुल माझी. पण चाळीस वर्षांची सवय कुठं जाते? माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. ह्यांची निळी दस्ती काढली, सीटवर पसरून ठेवली आणि मी निवांत खाली उतरले.

दोन फोटो काढले, नळावर पाणी प्याले, वळून बघते तर गाडी नाही.

साडी आणि बूट अशा अवतारात मी त्या रस्त्यानं पळाले. त्रेसष्ट वर्षांची बाई! गाडी कुठं दिसते? तिथं तिकीट तपासायला एक पोरगी उभी होती. तिला मी इंग्रजी, हिंदी, मराठी, येईल त्या भाषेत सांगत सुटले, "माय दस्ती! माय हजबंड... बसमध्ये राहिली हो!" ती आपली एकच सांगत राहिली, नेक्स्ट बस, सिन्योरा, नेक्स्ट बस. तिला वाटलं, माझी गाडी चुकली.

मी फुटपाथच्या कडेला बसले आणि रडले. ह्यांना नेलं तेव्हा मी रडले नव्हते, घरात पाहुणे होते, सगळ्यांचं चहापाणी बघत होते. त्या अनोळखी गावात, परक्या लोकांसमोर, तोंडाला पदर लावून चांगली हुंदके देऊन रडले. ह्यांची शेवटची वस्तू मी एसटी समजून घालवली होती.

बारा-पंधरा मिनिटांनी मागची बस आली. आकडा अकरा. डोळे पुसत फोटो काढला, मेघाला टाकला. तो आजही आहे माझ्या फोनवर. ड्रायव्हर वेगळा, जाडसर आणि टक्कल असलेला. जिना चढून वर आले. जागा पुष्कळ रिकाम्या होत्या. तिसऱ्या ओळीत, डाव्या कठड्याकडच्या सीटवर दस्ती होती.

निळ्या चौकडीची. कोपऱ्यावर वरणाचा डाग. मी पसरून ठेवली होती, ही चार घड्या घातलेली होती. आणि कडेवर नख फिरवलेलं होतं.

मी ती उचलली नाही आधी. उभीच राहिले. मागच्या माणसानं एक्सक्यूज मी म्हटल्यावर भानावर आले, दस्ती उचलली, बसले. उन्हानं सीट तापली होती आणि मला थंडी वाजत होती.

डोकं मात्र चालू होतं. कुणाला सापडली असेल आणि त्यानं दिली असेल, हे पहिलं मनात आलं. पण जरा नीट बघा. दस्ती राहिली पुढं गेलेल्या गाडीत. ही गाडी त्याच रस्त्यानं तिच्या मागून येत होती. पुढच्या गाडीतली वस्तू मागच्या गाडीत येणार कशी? आणि कुणी आणून दिलीच, तर तिसऱ्या ओळीत डावीकडं ठेवायचं त्याला कसं कळलं? एका स्टॉपला खाली जाऊन ड्रायव्हरला दस्ती दाखवली, खुणेनं विचारलं. त्यानं ओठ बाहेर काढून खांदे उडवले आणि मला वर जाऊन बसायला सांगितलं.

गणितात एक शिस्त असते. उत्तर आलं म्हणून खूश व्हायचं नाही, ताळा करून बघायचा. बस पुढं पुढं चालली होती, कानातली बाई कुठल्या कुठल्या राजांची नावं घेत होती, आणि माझ्या मनात एकच घोळत होतं. दस्ती पुन्हा ठेवून बघायची का? पुन्हा आली नाही तर? तर दस्ती पण गेली आणि उत्तर पण मिळालं. म्हणजे ते खरंच रुसून गेलेत, हेच उरलेलं आयुष्यभर घेऊन बसायचं. नाही ठेवली तर दस्ती राहील, पण प्रश्नही राहील. दोन वर्षं तो प्रश्न घेऊन झोपत होते मी. मला आता तो सहन होत नव्हता.

व्हॅटिकनचा स्टॉप आला. खाली गर्दी ही एवढी, पाचशे माणसं तरी असतील. मी दस्ती सीटवर ठेवली, हातानं सारखी केली आणि हळूच म्हणाले, "अहो, त्या दिवशी चुकलं माझं. सगळ्या गाडीसमोर तुम्हाला बोलले. रुसला असाल तर राहू द्या, मी समजून घेईन. नसाल तर..." उतरले. अकरा नंबरची बस माझ्यासमोर निघून गेली. दस्ती कठड्याआड होती, खालून दिसली नाही.

तिथली वीस मिनिटं मला विचारू नका.

त्यामागची बस आली तीच भरून आली. आकडा एकोणचाळीस. फोटो घाईत काढला, नंबर अस्पष्ट आलाय, पण वाचता येतो. चढणाऱ्यांची रांग, माझ्या पुढचे चार-पाच जण वर जाऊन "फुल, फुल" म्हणत परत खाली आले आणि खालच्या मजल्यावर बसले. ते खाली उतरेपर्यंत मी बाजूला थांबले, मग चढले. तो जिना इतका अरुंद की दोन माणसं एका वेळी जाऊ शकत नाहीत. मी चढत असताना वरून कुणी उतरलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकते.

वर पाय ठेवला. सगळी गाडी भरलेली. फक्त एक जागा रिकामी होती. तिसरी ओळ, डावा कठडा. वर घडी घातलेली दस्ती.

शेजारच्या सीटवर उन्हानं लालबुंद झालेला एक धिप्पाड गोरा माणूस बसला होता, मांडीवर चार-पाच वर्षांची पोरगी. घामाघूम झालेला, पण पोरीला शेजारच्या मोकळ्या जागेवर बसवलं नव्हतं त्यानं. त्याची बायको मागच्या ओळीत. मला बघताच तो पोरीला घेऊन उठला, मला आत जायला वाट करून दिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "यू आर द लेडी? तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं आम्हाला. द लेडी इज कमिंग."

"कुठं आहेत?" मी विचारलं.

"आत्ता खाली गेले. जिन्यात भेटले नाहीत तुम्हाला?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मी त्यांना म्हटलं, तोवर तुम्ही बसा," तो म्हणाला. "बसले नाहीत. सगळा वेळ उभेच होते, इथं धरून." त्यानं पुढच्या सीटचा दांडा दाखवला.

मंडळी, त्या वेळी मी किती गोष्टी विचारायला हव्या होत्या! दिसायला कसे होते, कपडे कुठले होते, कुठं चढले, कुठल्या भाषेत बोलले. तुम्ही तेच विचाराल, मला माहीत आहे. पण मी एकच विचारलं. "अँग्री? वॉज ही अँग्री?"

तो गोंधळला. मागं वळून बायकोशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. तिनं माझ्याकडं बघितलं. बाईला बाईचं कळतं. "नो, नो," ती म्हणाली. "नॉट अँग्री." मग तिला शब्द सापडेना. तर ती उठून उभी राहिली, कठड्यावरून वाकली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, आणि खालच्या गर्दीत इकडून तिकडं, तिकडून इकडं कुणाला तरी शोधल्यासारखं करून दाखवलं. "ऑल द टाईम," ती म्हणाली. "फॉर यू."

मी दस्ती उचलून जागेवर बसले. कुठलं शहर आणि कुठलं काय, मला पुढचं काही दिसलंच नाही. त्या बाईनं मागून पाण्याची बाटली दिली, पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. स्टेशन आलं, ते लोक उतरले, दुसरे चढले. मी उतरलेच नाही. तीच गाडी, तीच जागा, आणखी एक पूर्ण फेरी मारली. दस्ती मुठीत. ह्यांच्याशी बोलत होते, मोठ्यांदा बोलत होते, कुणी वळून बघितलं तर बघू दिलं. लग्नातली जिलबी कशी कच्ची होती तेसुद्धा बोलले. त्या अकरा दिवसांत जे जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं बोलले.

सहाला मेघा स्टेशनवर आली. तिला तिथंच एका बाकावर बसवून सगळं सांगितलं. वडीगोद्रीचंसुद्धा. तिनं माझ्या फोनमधले तीन फोटो समोर घेतले, सत्तावीस, अकरा, एकोणचाळीस, वेळा बघितल्या, नकाशा उघडला. ती पण माझीच पोरगी.

"आई, वर कुणी दुसरा भारतीय म्हातारा असेल," ती म्हणाली. "त्याच्या बायकोसाठी जागा धरून उभा असेल. तू दिसलीस, त्या लोकांना वाटलं तूच."

"असेल. मंग दस्ती?"

तिनं माझ्या मुठीतून दस्ती घेतली, डाग बघितला, घडी बघितली. मग तोंडाला लावून, "बाबा..." म्हणून अशी रडायला लागली की मलाच तिला धरून हॉटेलवर न्यावं लागलं.

तर असं आहे. मी प्रत्येक बाजूनं विचार करून बघितला. शाळेतले माझे जुने सहकारी, विज्ञानाचे एक सर, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, बाई, दुःखात माणसाला दिसतं. मी म्हटलं, मला कुठं काय दिसलं? दिसलं त्या गोऱ्या जोडप्याला, त्यांना कसलं दुःख? तुमच्यापैकी कुणी हुशार माणसानं उत्तर सांगितलं तर मी ऐकून घेईन, पण पटेल याची खात्री देत नाही.

एकटेपण गेलं असं समजू नका. ते आहेच. आजही एकाच माणसाचा स्वयंपाक करते, आजही दिवा लावल्यावर काय करायचं कळत नाही. जायचा तो माणूस गेलाय आणि तो काही परत येत नाही, एवढं मला कळतं. फक्त तो प्रश्न आता पडत नाही. रात्री झोप लागते.

परवा मेघा म्हणाली, यंदाचं ट्रेनिंग दुसऱ्या एका मोठ्या शहरात आहे, तिथं पण तसल्याच बसेस आहेत. "आई, तू चल. पुन्हा एकदा दस्ती ठेवून बघू. ह्या वेळेस मी बरोबर असेन, व्हिडिओ काढू, म्हणजे खरं-खोटं एकदाचं कळेल."

मी तिला म्हटलं, येते मी, पण दस्ती ठेवणार न्हाई. ती म्हणाली, का गं, भीती वाटते का?

भीती कसली? जन्मभर तो माणूस माझ्या खिडकीसाठी गाड्यांमागं पळाला. परक्या मुलखात दोनदा पळवलं मी त्यांना, तेवढं बस झालं. आता बसू दे त्यांना जरा.